आईचा अंगठा लागत नाही : ऑनलाइन सेवा आणि बंद होत चाललेल्या खिडक्या

लालबागकरीण

लिहू की नको, असं बरेच दिवस चाललं होतं. आज लिहितेच.

माझी आई ७८ वर्षांची आहे. तीस वर्षं तिने लालबागमध्ये घरगुती खानावळ चालवली. गिरणीतल्या मेंबरांचे डबे असायचे, पहिल्या पाळीचे वेगळे आणि रात्रपाळीचे वेगळे. जानेवारी १९८२ मध्ये संप सुरू झाला तेव्हा मी दहा वर्षांची होते. निम्मे मेंबर गावी गेले, त्यांची उधारी वहीत राहिली. आईने भाकऱ्या थापणं सोडलं नाही. जे उरले होते त्यांना जेवायला घातलं, त्यावर आमचीही पोटं भरली. तव्यावरची भाकरी ती आजही उचटण्याने नाही, बोटांनीच उलटते.

पुढे चाळीत साक्षरता वर्ग निघाला. तिथे ती सही करायला शिकली. बँकेत पहिल्यांदा गेलो तेव्हा कारकुनाने सवयीने शाईचा पॅड पुढे सरकवला. आईने तो हाताने मागे ढकलला आणि म्हणाली, "अंगठा नको, मी सही करते." ते सहा अक्षरांचं नाव लिहायला तिला दोन मिनिटं लागली. मागच्या रांगेतल्या कोणी हूं की चूं केलं नाही. ते मी विसरलेले नाही.

आता रेशनच्या ई-केवायसीला, म्हणजे मशीनवर ओळख पटवायला, तीच सही चालत नाही, अंगठाच लागतो, आणि तो उमटत नाही. पाच खेपा झाल्या. दहाही बोटं लावून झाली. कोणी सांगितलं लिंबाने घासा, कोणी म्हणालं व्हॅसलीन लावून पुसा, तेही केलं. मशीनवर दर वेळी लाल दिवा. दुकानदार भला माणूस आहे, त्याच्यावर राग नाही. त्याने मोठ्या कार्यालयात जायला सांगितलं. तिथल्या टेबलावरच्या गृहस्थांनी मान वर न करता सांगितलं, "मशीन नाही म्हणतंय, मी काय करणार?" मी म्हटलं, तसं लिहून द्या. तर म्हणाले, असं लिहून द्यायची पद्धत नाही.

घरी येताना आई टॅक्सीत एवढंच म्हणाली, "म्हणजे मी मी नाही का गं?"

मी तंत्रज्ञानाच्या विरोधात नाही. माझा लोकलचा पास मोबाईलवर आहे, वीजबिल मोबाईलवर भरते. पण ज्या सेवेवर कोणाचं जेवण, औषध किंवा पेन्शन अवलंबून आहे, तिथे एक खिडकी आणि खिडकीमागे निर्णय घेऊ शकणारा माणूस असलाच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. आणि नाही म्हणायचं असेल तर ते कागदावर म्हणावं. तुम्हाला काय वाटतं? कोणाच्या घरी असं झालं असेल तर मार्ग कसा काढलात तेही लिहा.

कोडवाला_ठाणे

ताई, वाचून वाईट वाटलं. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, अशा प्रणालींवर थोडं काम केलं आहे. त्यामुळे दोन्ही बाजू मांडतो.

आधी हे आठवा की मशीन येण्याआधी काय होतं. माझे वडील अंबरनाथला कारखान्यात होते. महिनाअखेरीला दुकानात गेलं की "तुमचं नेलं की" असं उत्तर मिळायचं. रजिस्टरमध्ये कोणाची तरी सही असायची. मेलेल्या माणसांच्या नावाने साखर उचलली जायची, रॉकेलचं तर विचारूच नका. दुकानातलं अंगठा घेणारं ई-पॉस मशीन आल्यावर ते बरंच आटोक्यात आलं. आज एका राज्याचं कार्ड दुसऱ्या राज्यात चालतं, बिहारचा मजूर भिवंडीत धान्य उचलू शकतो, तेही याच मशीनमुळे. हे गमावून चालणार नाही.

आता अंगठ्याचं. मशीन "हो" किंवा "नाही" दाखवतं ते आपल्यासाठी. आत ते दोन ठशांतल्या खुणा किती जुळल्या याचे गुण मोजतं. गुण एका ठरावीक रेषेच्या वर गेले की हो, खाली राहिले की नाही. रेषा वर नेली की तोतये कमी घुसतात पण खरी माणसं जास्त बाहेर पडतात. खाली आणली की उलटं होतं. म्हणजे रेषा कुठे आखायची हा कोणीतरी माणसाने घेतलेला निर्णय असतो. म्हातारपण, गवंडीकाम, धुणीभांडी, विणकाम, तुमच्या आईची भाकरी, यांनी कातडीच्या रेघा झिजतात. हे प्रणाली बनवणाऱ्यांना ठाऊक असतं, म्हणूनच डोळ्यांची बुबुळं, चेहरा आणि ओटीपी असे पर्याय ठेवलेले आहेत. नव्या मशीनना बुबुळाचा स्कॅनर आहे. केंद्र सरकारचं चेहऱ्यावरून ई-केवायसी करायचं ॲपही आहे. ते करून पाहिलंत का?

लालबागकरीण

दादा, ॲपवर चेहरा तीनदा केला. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे, एक पापणी अर्धवट मिटलेली असते. डोळे मिचकवा म्हणतं, ती मिचकवते, ते मोजलं जात नाही. ओटीपी भावाच्या जुन्या नंबरवर जातो, तो नंबर बंद होऊन चार वर्षं झाली. नंबर बदलायला आधार केंद्रात गेलं तर तिथे पुन्हा बोटंच मागतात. बुबुळाचं दुकानदाराला विचारते.

पांढरी_काठी

मिचकवण्याच्या मुद्द्यावरून लिहितो. मी जन्मापासून दृष्टिहीन आहे, बँकेत नोकरी करतो, रोज कल्याणहून सीएसएमटीला येतो.

"डोळे मिचकवा", "चेहरा चौकटीत आणा", "चित्रातली अक्षरं टाका", यातलं प्रत्येक वाक्य माझ्यासारख्याला दारात थांबवतं. चौकट कुठे आहे तेच दिसत नाही तर चेहरा आणू कुठे? मग शेजाऱ्याला किंवा नातेवाइकाला बोलवायचं, त्याच्या हातात फोन द्यायचा, आपला पिन त्याला सांगायचा. माझ्या पगाराचे आकडे माझ्या मेहुण्याला माहीत आहेत ते एवढ्याच कारणाने.

३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने यावर निकाल दिला आहे. ॲसिड हल्ल्यातून वाचलेली एक स्त्री डोळे मिचकवू शकत नाही म्हणून तिची केवायसी अडली होती, आणि एक दृष्टिहीन वकील अशा दोन याचिका होत्या. न्यायालयाने सांगितलं की डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. केवायसीची पद्धत सर्वांना वापरता येईल अशी करण्यासाठी २० निर्देश दिले. कागदी पद्धत सुरू ठेवण्याचा आणि तक्रार आली तर माणसाने ती तपासण्याचा मुद्दाही त्यात आहे. ताई, अर्ज कराल तेव्हा याचा उल्लेख जरूर करा. तुमच्या आईची पापणी याच निकालात बसते.

विक्रोळी_पूर्व

मी वेगळं बोलणार आहे. सगळे खिडकी खिडकी करताहेत, पण खिडकी म्हणजे काय ते मी पाहिलं आहे. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आजोबांबरोबर तीन दिवस गेलो होतो. साहेब मीटिंगला, साहेब जेवायला, साहेब रजेवर. बाहेर टपरीवर बसलेला माणूस शंभर रुपयांत तेच काम दुपारपर्यंत करून देत होता. आता मी तो दाखला घरी बसून पोर्टलवर काढतो. कोणाची मनधरणी नाही, चिरीमिरी नाही. खिडकी पुन्हा मोठी केली की टपरीवाला परत येणार.

म्हाताऱ्यांच्या अडचणी खऱ्या आहेत, पण त्या दहा-पंधरा वर्षांच्या. पुढची पिढी मोबाईल घेऊनच म्हातारी होईल.

भांडुपचा_मास्तर

@विक्रोळी_पूर्व, बोटं झिजायला पिढी लागत नाही. मोबाईल वापरता येणारा माणूसही ऐंशीचा होईल, त्याचेही हात थरथरतील.

माझा मुद्दा अंगठ्याचा नाही, नावाचा आहे. मी शाळेत शिकवतो. दर वर्षी जूनमध्ये पालकांची रांग लागते, कारण आधारवरचं नाव आणि दाखल्यावरचं नाव जुळत नाही. आपल्याकडे नावाची रीत स्वतःचं, वडिलांचं, आडनाव अशी. लग्न झालं की बाईचं मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात, पुष्कळ घरांत पहिलंही बदलायचे. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं, रेशनकार्डावर सासरचं, आधारवर जे त्या दिवशी ऑपरेटरने ऐकलं ते. त्यात रोमन अक्षरांत "गणपत"मध्ये एक ए जास्त पडला की संगणकाला तो दुसरा माणूस वाटतो. खिडकीवरचा कारकून मराठी असला तर त्याला कळतं की शांताबाई आणि शांता एकच. प्रणालीला ते कोणी शिकवलेलं नसतं.

आता १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव येतं. बाळाचं, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. निर्णय मला मनापासून आवडला. पण मोठ्या भावाचं नाव तीन शब्दांचं आणि धाकट्या बहिणीचं चार. उद्या ही दोघं एका घरची आहेत हे पडताळताना किती अर्जांत "मिसमॅच" येईल, याचा विचार आजच व्हायला हवा.

सगळ्यात पहिलं आधार आपल्याच राज्यात दिलं गेलं, नंदुरबारच्या टेंभली गावात, २९ सप्टेंबर २०१० ला. ज्याच्याकडे कसलाच कागद नाही त्याला ओळख मिळावी, हा तेव्हाचा शब्द होता. मी तेव्हा वर्गात मुलांना कौतुकाने सांगितलं होतं. त्या शब्दाला धरूनच आज बोलतो आहे.

दुकानदार_कुर्ला

मी स्वतः रेशन दुकान चालवतो, वडिलांपासून. आमची बाजू कोणी मांडत नाही म्हणून लिहितो. लिहायची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्या.

कोडवाला दादा, आधी चोऱ्या व्हायच्या, खरं आहे. आमच्यातलेच काही लोक करायचे, नाकारत नाही. पण आज माझ्या काउंटरवर काय होतं ते ऐका. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सर्व्हर हळू चालतो. एका कार्डाला दोन मिनिटं लागायची तिथे पंधरा लागतात. बाया कामाला जायच्या आधी येतात, सकाळी साडेसातला. ज्यांच्या घरी धुणीभांडी करायला जायचं तिथे उशीर झाला की बोलणी खावी लागतात. त्या माझ्यावर ओरडतात. मी सर्व्हरला ओरडू शकत नाही.

आम्हाला क्विंटलमागे १५० रुपये मार्जिन होतं, आता १७० झालं. त्यात भाडं, वीज, हमाल. ई-केवायसीचं काम त्यावर वाढीव. लोकांना वाटतं नाव आम्ही कापतो. यादीतून नाव गेल्याचं मला माणूस समोर उभा राहिल्यावर मशीनवर कळतं.

तरी मी एक करतो. ज्याचा अंगठा लागत नाही त्याचं नाव, कार्ड नंबर, तारीख, किती वेळा लावला, हे एका वहीत लिहितो आणि त्याची सही घेतो. महिन्याला त्याची झेरॉक्स कार्यालयात देतो, पोच घेतो. पहिल्यांदा नको म्हणाले. मी म्हटलं, साहेब, उद्या हा माणूस उपाशी राहिला तर माझ्याकडे काय पुरावा? मग घेतली. सध्या माझ्या वहीत ४१ नावं आहेत. बहुतेक साठीच्या वरची, बाकी लहान मुलं, आणि एक कुष्ठरोगातून बरा झालेला माणूस. त्याला बोटंच नाहीत.

लालबागकरीण ताई, नव्या मशीनला बुबुळाचा स्कॅनर आहे, पण काही दुकानांत तो वापरतच नाहीत कारण वेळ लागतो. दुपारी दोन-तीनला जा, गर्दी नसते. आईला खिडकीकडे तोंड करून बसवू नका, उजेड डोळ्यांवर आला की लागत नाही. मोतीबिंदू झालेल्या डोळ्याचं आधी होत नाही, दुसरा डोळा लावा.

लालबागकरीण

@दुकानदार_कुर्ला, दादा, चुकलं कुठे? इतकं नेमकं मला कोणत्याही कार्यालयात कोणी सांगितलं नाही. तुमच्या वहीचा नमुना इथे द्याल का? कोणते रकाने आहेत?

धारावीतून

मी घरकाम करणाऱ्या बायकांचे फॉर्म भरून देते, मोफत. रेशनपेक्षा जास्त गर्दी लाडकी बहीणच्या ई-केवायसीला झाली. महिना १५०० रुपये. ज्यांना गरज नाही त्यांची नावं काढायची म्हणून पडताळणी, ते मान्य. पण त्यात बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार आणि त्यांच्या मोबाईलवर येणारा ओटीपी मागितला होता. नवरा वारला, वडीलही वारले, तर ओटीपी कुठून आणायचा? नवऱ्याने टाकलं आहे, कोर्टात काहीच नाही, तो फोन उचलत नाही, मग? अशा बायका आधी स्क्रीनवरच अडकल्या. पुढे अंगणवाडी सेविकांमार्फत कागद द्यायची सोय झाली आणि मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढली. म्हणजे शेवटी माणसाकडेच यावं लागलं.

एक बाई माझ्यासमोर रडली. जो नवरा मारायचा म्हणून तिने घर सोडलं, त्यालाच फोन करून नंबर मागायची वेळ तिच्यावर आली. फॉर्ममध्ये तो रकाना ठेवणाऱ्याने धारावीत एक दुपार काढली असती तर हे टळलं असतं. मला याचा फार संताप येतो.

कोडवाला_ठाणे

@धारावीतून, हे वाचून गप्प झालो. आमच्या कामात "अपवाद" म्हणून जी यादी शेवटी राहते, ती बहुतेकदा वेळ संपली म्हणून कापली जाते. त्या यादीत माणसं असतात हे आम्हाला कोणी दाखवत नाही, आणि आम्हीही विचारत नाही. चाचणी ऑफिसातल्या पंचविशीतल्या मुलांच्या बोटांवर होते. एवढं मला कबूल केलं पाहिजे.

सेवानिवृत्त_लिपिक

सरकारी नोकरीत ३४ वर्षं काढली, त्यातली बरीचशी टेबलावर. @विक्रोळी_पूर्व यांचा राग मी समजू शकतो. टपरीवाले होते, आणि आतल्यांची त्यांना साथ होती.

पण खिडकीत एक गोष्ट होती जी पोर्टलमध्ये आली नाही. अर्ज घेतला की आवक रजिस्टरला नोंद, नंबर, शिक्का. त्या नंबरावर माणूस सहा महिन्यांनी येऊन विचारू शकायचा आणि आम्हाला फाइल काढून दाखवावी लागायची. नामंजूर केलं तर कारण लिहून सही करावी लागायची. सहीखाली नाव आणि हुद्दा. तीच सही आम्हाला सरळ ठेवायची, चौकशी लागली तर ती आमच्या गळ्यात असायची. आता स्क्रीनवर "काहीतरी चुकलं, नंतर प्रयत्न करा" येतं. त्याखाली कोणाची सही आहे?

टपरीवालाही गेलेला नाही. त्याने लॅपटॉप घेतला आहे. ज्यांना पोर्टल जमत नाही ते त्याच्याकडेच जातात, आणि आपला ओटीपी त्याला सांगतात.

आपल्याकडे महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ आहे. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळाली पाहिजे, नाही मिळाली तर पहिलं अपील, दुसरं अपील, पुढे आयोग. दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये शास्ती. कायदा चांगला आहे. पण तो सुरू कधी होतो? अर्ज दाखल झाल्यावर. अंगठा लागला नाही तर अर्जच दाखल होत नाही, मग मुदतीचं घड्याळ सुरूच होत नाही. माझ्या मते खरी गोम इथे आहे. "प्रयत्न केला पण झाला नाही" याचीच नोंद व्हावी, तिला नंबर मिळावा आणि घड्याळ तिथून सुरू व्हावं. मशीनला प्रत्येक फसलेला प्रयत्न ठाऊक असतोच, त्याची पावती छापायला काय हरकत आहे?

कोडवाला_ठाणे

काहीच हरकत नाही. तांत्रिकदृष्ट्या सोपं काम आहे. प्रत्येक प्रयत्नाला संदर्भ क्रमांक असतोच. ई-पॉसला प्रिंटरही असतो. धान्य दिल्यावर पावती निघते, न दिल्यावरही निघू शकते.

विक्रोळी_पूर्व

पावतीचा मुद्दा पटला. मी पोर्टल बंद करा म्हणत नव्हतो आणि तुम्हीही म्हणत नाही आहात, हे आता लक्षात आलं. माझी भीती एकच, खिडकीवाल्याच्या हातात "हो" म्हणायची ताकद दिली की तो ती विकेल.

सेवानिवृत्त_लिपिक

म्हणून त्यानेही सही करायची, कारण लिहायचं, आणि ते तपासलं जायचं. दोघांवर सारखाच नियम.

वकील_दादर

कायद्याचं थोडं सांगते, अर्जाला उपयोगी पडेल.

आधार कायदा २०१६ च्या कलम ७ प्रमाणे सरकारी अनुदानासाठी आधार मागता येतो. २६ सप्टेंबर २०१८ च्या घटनापीठाच्या निकालाने ते चार विरुद्ध एक असं वैध ठरवलं. न्या. चंद्रचूड यांचं मत वेगळं होतं. पण पडताळणी फसली म्हणून पात्र माणसाला लाभ नाकारला जाणार नाही, हे सरकारने दिलेलं आश्वासन बहुमताच्या निकालातही नोंदलेलं आहे. केंद्राने २०१७ मध्ये अपवाद कसे हाताळायचे याच्या सूचना राज्यांना पाठवल्या होत्या, त्यात रजिस्टर ठेवून लाभ देण्याची तरतूद आहे. कुर्ल्याचे दादा जे वहीत करताहेत ते त्याच धर्तीवर आहे. त्यांनी कोणाला न विचारता केलं म्हणून मला त्यांचा जास्तच आदर वाटतो.

राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ खाली प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो आणि अंत्योदय, म्हणजे सर्वांत गरीब, कुटुंबाला ३५ किलो धान्य हा हक्क आहे. तो मिळाला नाही तर कलम ८ प्रमाणे अन्नसुरक्षा भत्ता मागता येतो. हे फार थोड्यांना माहीत असतं.

आता ज्यावर कमी बोललं जातं ते. मुंबईसारख्या शहरी भागात प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९,००० रुपये आहे. महिन्याला पाच हजारही नाहीत. आज मुंबईत झोपडीचं भाडं त्याहून जास्त असतं. एकूण किती लोकांना लाभ द्यायचा तो आकडाही २०११ च्या जनगणनेवर ठरलेला आहे, कारण २०२१ ची जनगणना झालीच नाही. पुढची २०२७ ची, आणि ती पहिल्यांदाच मोबाईलवर होणार आहे. अंगठा बिनचूक लागावा म्हणून एवढा खर्च आणि खटाटोप, पण पात्रतेची रेषाच चुकीच्या जागी असेल तर यंत्र चुकीच्याच माणसांची बिनचूक निवड करणार. ही रेषा सरकारच्या निर्णयाने बदलते, सर्व्हरवर नाही. मतं मागायला येणाऱ्यांना हे विचारलं पाहिजे.

लालबागकरीण

वकील ताई, मतांचं काढलंत म्हणून सांगते. फेब्रुवारी २०१७ नंतर महापालिकेची निवडणूक थेट जानेवारी २०२६ मध्ये झाली. मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षं २२७ प्रभागांत एकही नगरसेवक नव्हता, प्रशासक होते. रेशन नगरसेवकाच्या हातात नसतं, हे मला कळतं. पण आमच्याकडे काहीही अडलं की माणूस आधी नगरसेवकाच्या कार्यालयात जातो, तो एक फोन करतो, काम मार्गाला लागतं. नेमक्या याच चार वर्षांत सगळं ऑनलाइन झालं. इकडे खिडकी गेली आणि तिकडे विचारायचं घरही गेलं.

ती जागा पक्षांच्या शिबिरांनी घेतली. मंडप, फ्लेक्स, टेबलावर चार मुलं लॅपटॉप घेऊन. कामं करतात, मी नाकारत नाही, आईला एकदा खुर्चीही दिली. पण आधार नंबर, मोबाईल, घरातले मतदार किती, हे सगळं एका वहीत उतरवून घेतात. ती वही पुढे कुठे जाते? माझा हक्क मला मिळवून देणं हे त्यांचे उपकार आहेत, अशी भावना तयार होते. याचं मला सर्वांत जास्त दुःख आहे.

वकील_दादर

त्या वहीबद्दलचा प्रश्न योग्य आहे. २०२३ चा वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. मोठ्या कसुरीला २५० कोटींपर्यंत दंड आहे. पण सामान्य माणसाला लागू पडतील अशा बऱ्याच तरतुदींना अजून अवधी आहे. त्याच कायद्याने माहिती अधिकारातलं कलम ८(१)(ञ) मात्र लगेच बदललं. पूर्वी खाजगी माहिती सार्वजनिक कामाशी संबंधित नसेल किंवा ती दिल्याने कोणाच्या खाजगीपणावर विनाकारण आक्रमण होत असेल तरच नाकारता यायची, आता ती "वैयक्तिक" आहे एवढं कारण पुरतं. व्यापक जनहितासाठी माहिती देता येईल ही तरतूद शिल्लक आहे, पण जनहित पटवण्याचा भार अर्जदारावर येतो. एखाद्या दुकानाच्या यादीतून कोणाकोणाची नावं गेली हे उद्या कोणी विचारलं आणि "वैयक्तिक माहिती" म्हणून नाकारलं, तर काय करायचं? केंद्राच्या २००५ च्या कायद्याआधी, २००२ मध्ये, ज्या राज्याने माहितीचा कायदा केला त्या राज्यात हे व्हावं, मला हे बरं वाटत नाही.

भांडुपचा_मास्तर

रेल्वेचं उदाहरण देतो. मुंबईत मोबाईलवर लोकलचं तिकीट २०१४ पासून मिळतं. तरी स्टेशनावर खिडकी आहे, मशीन आहे, मशीनपाशी बसलेले निवृत्त रेल्वे कर्मचारीही आहेत. त्यांच्याकडे माझी आई बिनधास्त नोट देते. यूपीआयही २०१६ मध्ये आलं आणि आज कोथिंबिरीच्या जुडीला क्यूआर आहे. नोट बंद करून नाही, नोटेच्या शेजारी उभं राहून ते लोकांनी स्वीकारलं. रेशनच्या बाबतीत तेवढा धीर का धरला जात नाही?

दुकानदार_कुर्ला

ताई, वहीचे रकाने : अनुक्रमांक. तारीख आणि वेळ. कार्ड नंबर (आधार नंबर लिहीत नाही, मुद्दाम). नाव. वय. अंगठा किती वेळा लावला. बुबुळ लावलं का. मशीनवर काय आलं, तो संदेश जसाच्या तसा. धान्य दिलं की नाही. लाभार्थ्याची सही. माझी सही. शेवटचा रकाना कार्यालयाच्या पोचेचा.

शंभर पानी वही पुरते वर्षाला.

लालबागकरीण

शुक्रवारी दुपारी अडीचला आईला घेऊन गेले. दुकानदाराने कपाटातून स्कॅनर काढला, वायर पुसली. आईला भिंतीकडे तोंड करून बसवलं, डावा डोळा लावला. दुसऱ्या वेळी हिरवा दिवा लागला. आई उठून त्या पोराच्या डोक्यावर हात ठेवून आली.

पण आमच्या इमारतीत अजून अकरा म्हातारी माणसं आहेत ज्यांचं झालेलं नाही. त्यातल्या तिघांना जिना उतरता येत नाही. काल रात्री कुर्ल्याच्या दादांच्या रकान्यांप्रमाणे अकराही जणांची यादी केली. वकील ताईंनी दिलेली कलमं आणि ३० एप्रिल २०२५ चा निकाल घालून अर्ज लिहिला. तीन मागण्या : घरी येऊन पडताळणी, तोपर्यंत रजिस्टरवर धान्य, आणि प्रत्येक फसलेल्या प्रयत्नाची पावती. अर्ज मराठीत, हाताने लिहिलेला. आईसकट बारा सह्या आहेत. आईची पहिली.

आज सकाळी तो घेऊन कार्यालयात गेले. तेच गृहस्थ टेबलावर होते. आधी ऑनलाइन टाका म्हणाले. मी म्हटलं, ऑनलाइन टाकते, पण हाही घ्या आणि नाही घेणार असाल तर तसं लिहून द्या. दहा मिनिटं कोणी बोललं नाही. मग त्यांनी ड्रॉवरमधून रजिस्टर काढलं.

आवक क्रमांक मिळाला आहे. शिक्का, तारीख, खाली सही आणि हुद्दा. उद्या शेजारच्या चाळीत जाते. तिथे किती जण आहेत ते कळलं की लिहिते.